हाती धरण्याचे होकायंत्र निवडताना: चाचण्यांच्या नोंदी

४ जानेवारी

आमच्या पायी भटकणाऱ्या गटाच्या जुन्या होकायंत्राच्या कुपीत (सुई असलेल्या, द्रवाने भरलेल्या डबीत) मोठा बुडबुडा झाला आहे आणि सुई त्याच्या कडेला लागून थांबते, त्यामुळे ते यंत्र आता बाद करायचे आहे. नवे घेण्यापूर्वी काही यंत्रे एकत्र करून ती मोजून पाहावीत आणि प्रत्येक चाचणी इथे लिहून ठेवावी, असे ठरवले. हीच निवड ज्यांना करायची आहे, त्यांना निकालापेक्षा चाचणीच्या पद्धती अधिक उपयोगी पडतील.

विश्वासार्ह म्हणजे काय, हे आधी आकड्यांत बांधून घेतले. दिशाकोनात (उत्तरेपासून मोजलेल्या दिशेच्या कोनात) १ अंशाची चूक असेल तर १ किलोमीटर चालल्यावर माणूस सुमारे १७.५ मीटर बाजूला जातो. चूक ३ अंशांची असेल तर ५२ मीटर आणि ५ अंशांची असेल तर जवळजवळ ८७ मीटर. उघड्या माळावर ८७ मीटर ही फारशी गोष्ट नाही, परंतु धुक्यात ओढ्यावरचा उतार किंवा दाट झाडीतील वाटेचा फाटा शोधताना तेवढ्या अंतराने तो साफ चुकतो. हाताची, डोळ्याची आणि चालण्याची चूक यात मिसळणारच आहे, म्हणून यंत्राची स्वतःची चूक १ अंशाच्या आत असावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकाच जागी पुन्हा पुन्हा नेम धरल्यावर तेच वाचन मिळावे, या दोन अटी पक्क्या केल्या. नेहमी सारखेच चुकणाऱ्या यंत्राची चूक मोजून वजा करता येते, पण दर वेळी वेगळे सांगणाऱ्या यंत्राचे काहीच करता येत नाही. शिट्टी, तापमापक, जोडलेला दिवा अशा गोष्टींकडे मी या कामात पाहणार नाही.

६ जानेवारी

चाचणीसाठी काही यंत्रे विकत आणि काही उसनी मिळवली. कंपन्यांची नावे न लिहिता त्यांना अक्षरे देतो. ‘क’ हे अंगठ्याच्या नखाएवढे, किल्लीच्या जुडग्यात अडकवायचे यंत्र. ‘ख’ हे पारदर्शक बेसप्लेटचे, म्हणजे नकाशावर ठेवता येणाऱ्या सपाट पट्टीवर बसवलेले, स्वस्त. ‘ग’ हेही बेसप्लेटचेच आणि दिसायला ‘ख’सारखे, पण किमतीला त्याच्या साधारण तिप्पट. ‘घ’ हे झाकणात आरसा असलेले, नेम धरण्याची खाच आणि दिक्पात (चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतील कोन) लावण्याचा स्क्रू असलेले यंत्र, सर्वांत महाग. ‘च’ हे धातूच्या घडीच्या डबीतील, भिंगातून अंश वाचायचे, लष्करी घाटाचे. परंतु ती स्वस्त नक्कल आहे.

फोनमधील होकायंत्र तुलनेतून आधीच बाजूला ठेवले. फोनमधील चुंबकीय संवेदकाला फोनच्याच स्पीकरच्या आणि बॅटरीच्या क्षेत्राचा हिशेब सतत जुळवून घ्यावा लागतो, म्हणूनच तो मधूनमधून हवेत आठाचा आकडा काढायला सांगतो. उपग्रहावरून स्थान सांगणारे साधन म्हणून फोन बरोबर असेलच. तो बंद पडेल तेव्हासाठी होकायंत्र हवे आहे, आणि त्या क्षणी तेही फोनवरच अवलंबून असेल तर ते बाळगण्यात अर्थ नाही.

७ जानेवारी

आजची पूर्ण सकाळ चाचणीची जागा शोधण्यात गेली. घरातील टेबलावर यंत्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पट्टीच्या कडेने सरकवले, तर वाटेत सुई १२ अंशांनी फिरली. टेबलाखालच्या लोखंडी पट्ट्या आणि जमिनीतील काँक्रीटच्या सळ्या हे त्याचे कारण. घरात केलेली कोणतीही मोजणी यामुळे निरुपयोगी ठरते. मोकळ्या मैदानात, कुंपण, दिव्याचे खांब आणि उभ्या गाड्यांपासून बरेच दूर, खिळे नसलेले लाकडी स्टूल ठेवून तीच सरकवण्याची चाचणी केली आणि सुई जागची हलली नाही. पुढील सर्व मोजण्या तिथेच होतील.

यंत्रे शेजारी शेजारी ठेवून तुलना करू नये, हेही आजच स्पष्ट झाले, कारण प्रत्येक यंत्राची सुई हे स्वतः एक चुंबक आहे. ‘ग’ आणि ‘घ’ यांच्यात वीतभर अंतर होते तेव्हा दोघांचीही वाचने बिघडली. दुकानात फळीवर एकाला एक लागून मांडलेली होकायंत्रे वेगवेगळ्या दिशा दाखवतात, त्यावरून कोणत्याही यंत्राला नाव ठेवता येत नाही.

९ जानेवारी

या कामातील सर्वांत मोलाची चाचणी आज झाली, आणि तिला एका लोखंडी किल्लीपलीकडे काहीही लागत नाही. यंत्र स्टुलावर पक्के ठेवायचे, उजव्या बाजूने किल्ली जवळ आणून सुई साधारण ३० अंश हटवायची, किल्ली दूर न्यायची, सुई स्थिर झाली की वाचन लिहायचे. नंतर तेच डाव्या बाजूने करायचे. सुईच्या टेकूत घर्षण नसेल तर दोन्ही वाचने एकच येतात. घर्षण असेल तर उजवीकडून परतणारी सुई उत्तरेच्या थोडी अलीकडे थबकते, डावीकडून परतणारी दुसऱ्या बाजूला थबकते, आणि या दोन वाचनांतील फरक म्हणजे त्या यंत्राची अनिश्चितता.

‘ग’ आणि ‘घ’ यांच्यात वाचता येईल एवढा फरक दिसला नाही. ‘ख’मध्ये ४ अंशांचा फरक आला. बोटाने बेसप्लेटवर हलकेच टिचकी मारली की सुई आणखी सरकून फरक १ अंशावर येई, यावरून सुई टेकूतल्या घर्षणामुळे अडते हे निश्चित झाले. सुईचा चुंबक कमजोर असला तरी हीच लक्षणे दिसतात, कारण तेवढ्याच घर्षणावर मात करायला मग पुरेसा जोर उरत नाही. चांगल्या यंत्रात सुई पोलादी अणीवर आणि नीलमण्यासारख्या कठीण रत्नाच्या टेकूवर तोललेली असते. त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागतात आणि ते मोजणे योग्य आहे, असे माझे मत झाले आहे.

‘च’मध्ये फरक २ अंशांचा होता, परंतु त्याची खरी अडचण वेगळी निघाली. त्याच्या डबीत द्रव नाही, आणि फिरणारी चकती थांबवण्याची दुसरी कोणतीही सोय नाही, त्यामुळे ती अर्धा मिनिट झुलत राहते. या घाटाच्या अस्सल लष्करी यंत्रांत चकती तांब्याच्या वाटीत फिरते आणि चुंबक हलताना तांब्यात उत्पन्न होणारे प्रवाह तिला रोखतात. नकलेत डबीचा आकार उचलला आहे आणि वाटी वगळली आहे. बाकीच्या यंत्रांत हे काम कुपीतील द्रव करतो. द्रव भरलेली हलकी यंत्रे १९३० च्या दशकात स्वीडन आणि फिनलंडमध्ये तयार होऊ लागली, आणि फिनलंडच्या तुओमास व्होहलोनेन यांनी १९३६ मध्ये सुंतो ही कंपनी काढली ती अशाच यंत्रासाठी. ‘ग’ची सुई चार-पाच सेकंदांत स्थिर होते. वाऱ्यापावसात उभे राहून दिशा घेताना या फरकाचे महत्त्व फार आहे, कारण सुई थांबण्याची वाट पाहून कंटाळलेला माणूस अंदाजाने आकडा वाचतो.

‘क’वर अंशच नाहीत, फक्त आठ दिशा आहेत. ते या पुढच्या चाचण्यांत घेणार नाही. एका चाचणीसाठी मात्र ते राखून ठेवले आहे.

११ जानेवारी

यंत्र तिरके धरल्यास काय होते ते पाहिले. प्रत्येक यंत्र समपातळीत धरून हळूहळू कलते केले आणि सुई कुपीच्या छताला किंवा तळाला कधी घासते ते पाहिले. ‘ख’ची सुई थोड्याशा कलानेच घासू लागली, ‘ग’ला त्याहून बराच कल चालला, आणि ‘घ’ सर्वांत सहनशील ठरले. काही महाग यंत्रांत चुंबक आणि सुई वेगळी बसवून २० अंशांपर्यंतचा कल चालेल अशी रचना केलेली असते. ‘घ’ त्या प्रकारचे आहे.

१५ जानेवारी

दिशाकोन खरा आहे की नाही, हे ठरवण्यासाठी आधीच माहीत असलेली दिशा हवी. पुष्कळ ठिकाणी सांगितली जाणारी रीत अशी की एका खुणेवरून दुसरीचा दिशाकोन घ्यावा, मग दुसरीवर जाऊन पहिलीचा घ्यावा, आणि दोहोंत बरोबर १८० अंशांचा फरक आला की यंत्र खरे मानावे. ही रीत करून पाहिली. ‘ख’सकट सर्व यंत्रे, टिचकी मारून वाचली असता, तिच्यात उत्तीर्ण झाली, आणि तिथेच तिची मर्यादा लक्षात आली. यंत्रावरची वाचनाची रेघ जर ३ अंश बाजूला छापली गेली असेल तर जातानाचे वाचनही ३ अंशांनी चुकते आणि परतीचेही तेवढेच, त्याच बाजूला. दोघांतील फरक १८० अंशच राहतो. दोनपैकी एका जागी लोखंड किंवा चुंबकीय खडक असेल तर ही रीत ते पकडते, आणि म्हणून ती वाटेवर जरूर वापरावी, परंतु यंत्राची कायमची चूक तिच्यात कधीही दिसणार नाही.

म्हणून खरी उत्तर रेषा जमिनीवर आखायचे ठरवले. रात्री झाडाच्या फांदीला ओळंबा टांगला, त्याच्या दोरीवर मंद उजेड पाडला, आणि दक्षिणेकडे सरकत दोरीने ध्रुवतारा झाकला जाईल अशा जागी डोळ्याखाली खुंटी ठोकली; दुसरी खुंटी ओळंब्याच्या टोकाखाली. ओळंब्याला लोखंडी वजन न लावता दगड बांधला होता, कारण सकाळी मोजणीच्या वेळी तो तिथेच असणार होता. ध्रुवतारा जितका उंच, तितकी दोरी उंच टांगावी लागते, त्यामुळे मूळ रेषा अवघी काही मीटर लांबीची झाली. दिवसा त्याच रेषेत नजर धरून पुढे आणखी खुंट्या लावल्या आणि ती लांब केली. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशापेक्षा कमी दूर आहे. मध्यम अक्षांशांवर क्षितिजावरच्या दिशेत यामुळे येणारी चूक फार तर १ अंशाच्या आसपास असते, आणि तारा ध्रुवाच्या थेट वर किंवा थेट खाली असताना पाहिल्यास ती जवळजवळ नाहीशी होते.

जिथे ध्रुवतारा दिसत नाही तिथे शंकूच्या छायेची जुनी रीत वापरता येईल: उभ्या काठीभोवती वर्तुळ काढायचे, दुपारपूर्वी आणि दुपारनंतर छायेचे टोक वर्तुळाला जिथे स्पर्श करील त्या दोन जागा जोडायच्या, ती रेषा पूर्व-पश्चिम असते आणि तिला काढलेला लंब उत्तर-दक्षिण.

१६ जानेवारी

कालच्या रेषेवर सर्व यंत्रे मोजली. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील कोन म्हणजे दिक्पात, आणि आमच्या जागेचा दिक्पात ‘वर्ल्ड मॅग्नेटिक मॉडेल’वरून घेतला. अमेरिकेची नोआ ही संस्था आणि ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण मिळून हे प्रारूप दर पाच वर्षांनी नवे करतात; सध्याचे २०२५ चे आहे आणि ते २०२९ अखेरपर्यंत वापरायचे आहे. नकाशाच्या समासात छापलेला दिक्पात नकाशा जुना असेल तर घेऊ नये, कारण उत्तर चुंबकीय ध्रुव स्थिर नाही. जेम्स क्लार्क रॉस यांनी १८३१ मध्ये तो कॅनडाच्या उत्तरेकडील बूथिया द्वीपकल्पावर गाठला होता, आणि आता तो तिथून फार दूर, आर्क्टिक महासागरात सायबेरियाच्या दिशेने सरकला आहे.

दिक्पाताचा हिशेब केल्यावर ‘ग’ अर्ध्या अंशाने आणि ‘घ’ एक अंशाहून थोड्या कमी फरकाने चुकले. ‘च’ची चकती थांबल्यावर तेही दीड अंशाच्या आत होते. ‘ख’ मात्र ३ अंशांनी चुकले, आणि टिचकी मारून घर्षण घालवले तरी ती चूक तशीच राहिली. मैदानातच काही चुंबकीय गडबड असती तर सर्व यंत्रे सारखीच हटली असती; तीन यंत्रे एकमेकांशी जुळतात, त्याअर्थी चूक ‘ख’चीच आहे. त्याची बेसप्लेट सरळ पट्टीला लावून पाहिली तेव्हा प्लेटची कड आणि वाचनाची रेघ समांतर नाहीत हे उघड्या डोळ्यांनाही दिसले. कडेवरची मोजपट्टीही तपासली, तर १०० मिलिमीटरला ती १ मिलिमीटर कमी भरली. १:५०००० च्या नकाशावर तो १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर.

‘ख’वरचा ३ अंशांचा आकडा पाठीमागे लिहून ते वापरता आले असते, जर घर्षण नसते तर. दोन्ही दोष एकत्र असल्याने ते आज बाद केले.

१९ जानेवारी

‘घ’चा दिक्पाताचा स्क्रू लावला. किल्लीने तो फिरवला की कुपीच्या तळावरील बाण अंश छापलेल्या फिरत्या कड्याच्या मानाने सरकतो, आणि त्यानंतर यंत्र थेट खऱ्या उत्तरेपासूनचा दिशाकोन सांगते. ही सोय मला मोलाची वाटते, कारण थकलेल्या माणसाला वाटेवर बेरीज करायची की वजाबाकी हे आठवत नाही. परंतु स्क्रू उलट्या बाजूला फिरवला गेला तर चूक नाहीशी होण्याऐवजी दुप्पट होते: दिक्पात १२ अंश असेल तर २४ अंशांची. म्हणून स्क्रू लावून झाल्यावर खुंट्यांच्या रेषेवर नेम धरून वाचन शून्य येते का ते पाहावे. आले तर दिशा बरोबर आहे. यंत्र पिशवीत टाकून दिवसभर वागवले आणि पुन्हा पाहिले, तेव्हा स्क्रू सरकलेला नव्हता.

नकाशावरच्या जाळीची उत्तर (तिच्या उभ्या रेषांची दिशा) आणि खरी उत्तर यांतही थोडा फरक असतो. जिथे तो मोठा असेल तिथे स्क्रूवर दोन्हींचा मिळून एकच आकडा लावावा.

२३ जानेवारी

थंडीसाठी यंत्रे रात्रभर उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये ठेवली आणि बाहेर काढल्याबरोबर पाहिली. द्रव आकसल्याने ‘ख’च्या कुपीत मटाराएवढा बुडबुडा आला होता आणि सुई स्थिरावायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागत होता. ‘घ’मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा होता, ‘ग’मध्ये नव्हता, दोघांच्याही सुया किंचित मंदावल्या, अडल्या मात्र नाहीत. खोलीच्या तापमानाला आल्यावर सर्व बुडबुडे गेले. उंचीवर हवेचा दाब कमी झाल्यानेही असा बुडबुडा येतो आणि खाली उतरल्यावर जातो, त्यामुळे लहान बुडबुडा पाहून यंत्र फेकू नये. जो बुडबुडा गरम झाल्यावर किंवा खाली आल्यावरही राहतो आणि महिन्यागणिक वाढतो, तो कुपी गळत असल्याची खूण आहे. आमच्या जुन्या यंत्राचे तेच झाले.

‘घ’चा आरसा श्वासाने धुरकट होतो. नेम धरताना श्वास बाजूला सोडावा लागतो.

२७ जानेवारी

अंगावरच्या आणि सामानातल्या कोणत्या वस्तू सुई हलवतात ते मोजले. एक एक वस्तू दुरून जवळ आणत सुई १ अंश हलते ते अंतर लिहून घेतले. फोनसाठी ते सुमारे ४० सेंटिमीटर निघाले, आणि चुंबकाच्या झाकणाचे वेष्टण असलेल्या फोनसाठी त्याहून बरेच जास्त. डोक्यावरचा दिवा, हातातील घड्याळ, खिशातील चाकू यांचा परिणाम हातभर अंतरावर जाणवत नाही. चालण्याच्या काठीचे पोलादी टोक जवळ आले तरच त्रास होतो.

सर्वांत धोक्याची वस्तू पाठपिशवीच्या छातीवरच्या पट्ट्याला असलेली पाण्याच्या नळीची चुंबकी चिमटी निघाली. ती वजनाने नगण्य असते, तिच्यात चुंबक आहे हे बहुतेकांच्या ध्यानीही नसते, आणि बेसप्लेटचे यंत्र छातीसमोर धरले की ती बरोबर त्याच्या मागे येते. सुई २० अंशांहून जास्त हलली. शिवाय ही चूक दर वेळी जवळपास सारखीच असते, म्हणजे वाचन पुन्हा पुन्हा घेऊनही संशय येत नाही. काही हातमोज्यांच्या आणि खिशांच्या झाकणांतही असे चुंबक शिवलेले असतात. चुंबकाचे क्षेत्र साधारणपणे अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट केले की परिणाम एक अष्टमांश उरतो. म्हणूनच थोडेसे दूर सरकण्याने मोठा फरक पडतो, आणि थोडेसे जवळ येण्यानेही.

खडकाच्या बाबतीत यंत्राची निवड काही करू शकत नाही. स्कॉटलंडमधील स्काय बेटावरच्या कुइलिन पर्वतरांगेत खडकच असा आहे की तिथे होकायंत्रावर विसंबू नये, ही गिर्यारोहकांना चांगली माहीत असलेली गोष्ट आहे. अशा जागी दहा-वीस पावले सरकून पुन्हा वाचन घेणे आणि ते जुळते का पाहणे, एवढेच हाती असते.

३० जानेवारी

राखून ठेवलेल्या ‘क’ची चाचणी. फोनच्या वेष्टणातील चुंबकाला लागून ते रात्रभर ठेवले. सकाळी त्याच्या सुईचे उत्तर टोक दक्षिणेकडे वळलेले होते. प्रबळ चुंबकाच्या योग्य ध्रुवावरून सुई ओढून ती पुन्हा सरळ केली, परंतु त्यानंतर ती पूर्वीपेक्षा आळसावलेली वाटते. पूर्ण उलटलेली सुई एखाद्या स्वच्छ दुपारी सूर्याकडे पाहून ओळखता येते. अर्धवट चुंबकत्व गेलेली सुई ओळखणे कठीण असते, कारण ती दिशा बरोबर दाखवते, फक्त घर्षणापुढे कमजोर पडते. किल्लीची चाचणी अशा सुईला पकडते, म्हणून ती प्रत्येक मोठ्या भटकंतीपूर्वी करण्यासारखी आहे. फोन आणि होकायंत्र एकाच खिशात ठेवायचे नाही, हा नियम गटात आजपासून लागू केला.

३ फेब्रुवारी

‘ग’ आणि ‘घ’ घेऊन झाडीतून चाललो. एकाच दूरच्या खुणेवर वेगवेगळ्या व्यक्तींनी नेम धरले. ‘ग’ छातीशी धरून घेतलेली वाचने ३ अंशांत विखुरली होती, ‘घ’ डोळ्यासमोर धरून, खाचेतून खूण पाहत आणि आरशात सुई पाहत घेतलेली वाचने १ अंशाच्या थोडी पुढे. यात यंत्राचा भाग नाही, कारण स्टुलावर दोघेही सारखे पक्के होते. डोळा सुईच्या थेट वर नसला की होणारा दृष्टिभेद आणि छातीपासून खुणेपर्यंत नजरेने रेषा वाढवण्यातील अंदाज ही कारणे आहेत. आरशातील रेघ कुपीच्या मध्यावरून जाते आहे ना, हे पाहण्याची सवय मात्र ‘घ’ वापरणाऱ्याला लावून घ्यावी लागते, नाहीतर आरशाचा फायदा जातो.

नकाशावर कोन काढताना उलट ‘ग’ सोयीचे ठरले. त्याची प्लेट लांब आहे, झाकण मध्ये येत नाही, आणि कडे हातमोज्यातही सहज फिरते. दर काही मिनिटांनी नकाशा पाहून चालणाऱ्याला आरशाची गरज फारशी पडत नाही. उघड्या प्रदेशात लांबच्या शिखरावर नेम धरून आपले स्थान काढणाऱ्याला ती पडते.

५ फेब्रुवारी

निर्णय झाला. वाट काढणाऱ्याकडे ‘घ’च्या जातीचे आरशाचे यंत्र, आणि दुसऱ्या व्यक्तीच्या पिशवीत ‘ग’च्या जातीचे साधे बेसप्लेट. दोन वेगळ्या व्यक्तींकडे ठेवण्याचे कारण असे की एकाच पिशवीतील दोन यंत्रे एकाच चुंबकाने एकदम बिघडू शकतात. अस्सल तांब्याच्या वाटीचे लष्करी यंत्र घेण्याचा विचारही केला. थंडीत त्यात बुडबुडा येत नाही ही मोठी जमेची बाजू आहे, पण पारदर्शक प्लेट नसल्याने नकाशावर कोन काढायला वेगळा कोनमापक लागतो. त्यातील काही यंत्रांत अंधारात वाचण्यासाठी ट्रिटियमच्या (स्वतःहून उजळत राहणाऱ्या, किरणोत्सारी वायूच्या) नळ्या असतात. ट्रिटियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षे आहे, म्हणून जुना साठा घेताना उत्पादनाचे वर्ष पाहावे. आम्हाला रात्री चालायचे नाही, त्यामुळे दिव्याने भारून चमकणारा साधा रंग पुरेसा आहे.

१२ फेब्रुवारी

आरशाचे यंत्र आले, आणि ते परत पाठवावे लागले. समपातळीत धरले असता सुईचे उत्तर टोक तळाला टेकत होते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उत्तर गोलार्धात जमिनीत खाली झुकलेले असते आणि दक्षिण गोलार्धात वर उठलेले. म्हणून कारखान्यात सुई त्या त्या पट्ट्यासाठी तोलली जाते. आलेले यंत्र दक्षिणेकडच्या पट्ट्यासाठी तोललेले होते आणि पाकिटावर तसे चिन्ह बारीक अक्षरांत होते. यंत्रात बिघाड काहीच नव्हता, तरीही इथे ते निरुपयोगी होते. दूरच्या देशातून मागवणाऱ्यांनी आणि दूरच्या देशात जाणाऱ्यांनी हे चिन्ह आधी विचारून घ्यावे. चुंबकीय ध्रुवांच्या अगदी जवळ तर कोणताच तोल पुरत नाही: क्षेत्राचा आडवा भाग ६००० नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) खाली गेला की तो सावधगिरीचा प्रदेश मानतात, आणि २००० च्या खाली होकायंत्र वापरूच नये.

या बदलीत आठवडा जाईल.

२१ फेब्रुवारी

बदलून आलेले यंत्र थेट मैदानात नेले. सुई तळाशी समांतर आहे. किल्लीच्या चाचणीत उजवे-डावे वाचन एकच आले. खुंट्यांच्या रेषेवर अर्ध्या अंशाची चूक, स्क्रू लावल्यावर वाचन शून्याला लागून. कडे फिरवताना कुपी सैल हलत नाही आणि कड्यात अडकही नाही. बेसप्लेटवरची मोजपट्टी १०० मिलिमीटरला बरोबर भरली. प्लेटच्या मागे चिकटपट्टीवर लावलेला दिक्पात, त्याची दिशा आणि वर्ष लिहिले, म्हणजे यंत्र दुसऱ्याच्या हाती गेले तरी स्क्रू आधीच लावलेला आहे हे त्याला कळेल आणि तो तोच आकडा पुन्हा हिशेबात धरणार नाही. पाण्याच्या नळीची चुंबकी चिमटी पिशवीवरून काढून तिथे साधी कापडी पट्टी शिवली. खुंट्या जमिनीतच ठेवल्या आहेत. पावसाळ्यानंतर दोन्ही यंत्रे त्याच रेषेवर पुन्हा मोजायची आहेत, आणि तेव्हाची वाचने या नोंदींच्या खालीच लिहीन.